‘सदर’मधला ‘स’ गळतो तेव्हा: वायरलेस कीबोर्ड-माऊसच्या जोडीचा दोन वर्षांचा अनुभव

भाऊसिंगजी रस्त्यालगतच्या आमच्या छोट्याशा टायपिंगच्या कार्यालयात खरेदीखते, वाटणीपत्रे, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रे आणि वकीलसाहेबांचे अर्ज असा सगळा मजकूर आम्ही दोघीजणी दिवसभर टंकत असतो. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि तेव्हापासून या भागातल्या टायपिंगच्या कामाचा ओघ स्पष्टपणे वाढला. टेबलावर स्टॅम्प पेपर, सातबाऱ्याच्या प्रती, हाताने लिहिलेले कच्चे मसुदे आणि पक्षकारांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स यांची इतकी गर्दी असते की त्यातून कीबोर्ड-माऊसच्या वायरी नेणे हीच एक कटकट होऊन बसली होती. म्हणून दोन वर्षांपूर्वी राजारामपुरीतल्या एका दुकानातून मी साडेतेराशे रुपयांना वायरलेस कीबोर्ड आणि माऊस यांची एकत्र जोडी घेतली. दोन्ही उपकरणे मिळून संगणकात खोचायचा नखाएवढा एकच रिसीव्हर, कीबोर्डमध्ये दोन आणि माऊसमध्ये एक सेल, असा हा संच आहे. कंपनी नावाजलेली आहे; मात्र खाली वर्णन केलेले बहुतेक दोष एकाच कंपनीचे नसून या प्रकारच्या उपकरणांचेच आहेत, असे माझे मत झाल्यामुळे तिचे नाव येथे देत नाही.

पहिले तीन-चार महिने मी या खरेदीवर मनापासून खूश होते. कळांचा आवाज मंद होता, बोटांना ताण जाणवत नव्हता आणि टेबल मोकळे झाले होते. कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली नव्हती, पण मी इन्स्क्रिप्ट या देवनागरीच्या कळरचनेवर शिकलेली असल्याने मला त्याची गरज नव्हती. माझ्या सहकारी मुलीसाठी अक्षरांचे स्टिकर आणून चिकटवले, ते आजही टिकून आहेत.

तक्रारीची सुरुवात एका शब्दाने झाली. दस्तातला जवळजवळ प्रत्येक परिच्छेद ‘सदर’ या शब्दाने सुरू होतो: सदर मिळकत, सदर लिहून देणार, सदर मिळकतीच्या चतुःसीमा. छापून निघालेल्या मसुद्यात मला ‘दर मिळकतीवर कोणताही बोजा नाही’ असे वाक्य दिसले. माझ्या हातून चूक झाली असेल असे समजून मी ती दुरुस्त केली. त्याच आठवड्यात तसाच ‘दर’ आणखी दोन दस्तांत सापडला. ‘दर’ हाही मराठीतला बरोबर शब्द असल्याने शब्दतपासणीच्या सोयीने तो पकडला नव्हता, आणि पडद्यावर भरभर वाचताना डोळाही तो ओलांडून पुढे जात होता.

त्यानंतर जे घडले ते मात्र गंभीर होते. एका खरेदीखतात गट नंबर 1145 ऐवजी 145 असा टंकला गेला. आमच्याकडे दस्त छापण्यापूर्वी एकीने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसरीने पडद्यावर पाहायचे, असा नियम आहे. त्या दिवशी गर्दीमुळे हे वाचून घेणे घाईत उरकले गेले. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीसाठी जाण्याच्या आदल्या संध्याकाळी वकीलसाहेबांच्या कारकुनाने ती चूक पाहिली, म्हणून निभावले. तोच दस्त तसाच नोंदला गेला असता तर दोन्ही पक्षकारांना पुन्हा बोलावून चूक-दुरुस्ती दस्त करावा लागला असता, आणि तोपर्यंत विकत घेणाऱ्याच्या कागदावर दुसऱ्याच कोणाची जमीन लिहिलेली राहिली असती. आकड्यांना शब्दतपासणी नसते. अक्षर गळले तर शब्द बिघडून निदान बहुतेक वेळा ओरडून तरी सांगतो. आकडा गळला तर उरलेला आकडाही तितकाच खरा दिसतो.

देवनागरी टंकणाऱ्याला हा दोष इंग्रजी टंकणाऱ्यापेक्षा जास्त जाचतो, हे येथे नोंदवणे आवश्यक वाटते. इन्स्क्रिप्टमध्ये व्यंजन, स्वरचिन्ह, हलन्त आणि अनुस्वार यांची प्रत्येकी स्वतंत्र कळ असते. ‘हक्क’ लिहिताना मधला हलन्त इंग्रजी डीच्या कळेवरून येतो. तो गळला की ‘हकक’ उरते आणि ते लगेच दिसते. परंतु ‘वाटणी’ या शब्दातली शेवटची वेलांटी गळली तर ‘वाटण’ उरते, ‘माळी’ची वेलांटी गेली तर ‘माळ’ उरते, आणि ‘काळ’ला काना मिळाला नाही तर ‘कळ’ होते. हे सगळे शब्द मराठीत रूढ आहेत. म्हणजे एक कळ न पोहोचल्याने नवा, बरोबर दिसणारा आणि पूर्णपणे चुकीचा शब्द तयार होतो. ज्यांचे काम ईमेल वाचणे आणि गाणी लावणे एवढेच आहे, त्यांना असा कीबोर्ड वर्षानुवर्षे निर्दोष वाटू शकतो, आणि ते खोटे बोलत नाहीत.

मी आधी सेल बदलले. काही फरक पडला नाही. मग राजारामपुरीतल्या दुकानात कीबोर्ड परत घेऊन गेले, तेव्हा दुकानदारांनी तो त्यांच्या काउंटरवरच्या संगणकाला जोडून अर्धे पान टंकायला लावले. एकही अक्षर गळले नाही. त्यांनी विचारले, “वैनी, रिसीव्हर मागं लावलाय काय पुढं? आणि शेजारी काय जोडलंय?” हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. आमच्या संगणकाचा डबा स्टीलच्या टेबलाखाली भिंतीला टेकून ठेवलेला होता, रिसीव्हर त्याच्या पाठीमागच्या निळ्या यूएसबी खाचेत होता, आणि त्याला खेटून असलेल्या दुसऱ्या निळ्या खाचेत स्कॅन केलेल्या कागदांचा साठा ठेवण्याची बाहेरची हार्ड डिस्क होती. त्यांनी दीडशे रुपयांची एक मीटर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल दिली, रिसीव्हर तिच्या टोकाला लावून टेबलावर कीबोर्डजवळ ठेवायला सांगितले आणि फरक पडला नाही तर केबल परत आणा, असेही सांगितले. नवा संच विकून मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही, म्हणून या लेखात त्यांच्या सेवेला मी पूर्ण गुण देते.

या सल्ल्यामागचे कारण मी नंतर समजून घेतले. बहुतेक वायरलेस कीबोर्ड आणि माऊस 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे साधारण 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झच्या दरम्यान, बोलतात. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा आपल्या देशात 2005 पासून परवान्याविना वापरता येतो, त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ आणि वायरलेस उपकरणे सगळी याच अरुंद रस्त्यावर आहेत. एवढी गर्दी असूनही काम चालते, कारण एखादा संदेश पोहोचल्याची पोच मिळाली नाही तर कीबोर्ड तो ठरावीक वेळा पुन्हा पाठवतो. पण गोंगाट फार झाला की सगळे प्रयत्न वाया जातात आणि ती कळ कायमची हरवते. कळ सोडल्याचा संदेश हरवला तर उलटे घडते: संगणकाला कळ दाबूनच धरली आहे असे वाटते आणि तेच अक्षर किंवा तोच आकडा अनेकदा उमटतो. 1145 मधला एक ‘1’ गळू शकतो, तसाच तो वाढूनही येऊ शकतो.

निळ्या खाचेचा संबंध असा की ती बहुधा यूएसबी 3.0 ची असते. यूएसबी 3.0 सेकंदाला पाच गिगाबिट वेगाने माहिती नेते आणि त्या वेगामुळे तिच्या जोडणीतून, केबलमधून आणि जोडलेल्या उपकरणातून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो. इंटेल कंपनीने स्वतःच 2012 मध्ये या विषयावर तांत्रिक निबंध प्रसिद्ध केला होता आणि वायरलेस रिसीव्हर अशा उपकरणापासून दूर ठेवावा हा त्यातल्या उपायांपैकी एक होता. म्हणजे ही गोष्ट उद्योगाला दहा वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. तरीही माझ्या संचाच्या खोक्यावर, आतल्या घडीपत्रकात किंवा कंपनीच्या मदत केंद्रावरच्या मुलाच्या बोलण्यात तिचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता. मदत केंद्राने मला तीन वेळा सेल बदलायला सांगितले.

कार्यालयात परतल्यावर मी साधी चाचणी घेतली. नोटपॅडमध्ये ‘सदर’ हा शब्द दोनशे वेळा टंकला, एकदा हार्ड डिस्कवर फायलींची प्रत चालू ठेवून आणि एकदा ती बंद करून. रिसीव्हर पूर्वीच्या जागी असताना प्रत चालू असलेल्या फेरीत अकरा शब्द बिघडले, बंद असताना एक. केबल लावून रिसीव्हर टेबलावर आणल्यावर दोन्ही फेऱ्यांत एकही बिघडला नाही. गट नंबरची चूक दुपारी झाली होती, आणि आमची प्रत घेण्याची वेळही जेवणानंतरची, दुपारचीच होती. हे लक्षात आले तेव्हा दोष माझ्या बोटांचा नव्हता हे कळून मला हायसे वाटले, पण त्याहून जास्त राग आला, कारण हा दोष कळेपर्यंतच्या काळात मी माझ्या सहकारी मुलीला दोनदा तिच्या निष्काळजीपणाबद्दल बोलले होते. त्याच दिवशी मी तिची माफी मागितली.

मात्र ‘सदर’चा ‘दर’ एवढ्याने थांबला नाही. तो कमी झाला, पण अधूनमधून येतच राहिला, आणि नेहमी परिच्छेदाच्या सुरुवातीलाच. त्याचे कारण वेगळे निघाले. सेल वाचवण्यासाठी हा कीबोर्ड काही वेळ कळ दाबली नाही तर झोपी जातो, आणि त्याला उठवणारी पहिली कळ संगणकापर्यंत जात नाही. आमच्या कामाची पद्धतच अशी आहे की आधी हस्तलिखिताचा एक परिच्छेद नीट वाचायचा, वकिलांचे अक्षर लावायचे, मग टंकायला घ्यायचे. म्हणजे प्रत्येक परिच्छेदाआधी कीबोर्डला डुलकी लागण्याइतकी उसंत मिळते आणि ‘सदर’चा ‘स’ त्याला जागे करण्यात खर्ची पडतो. हा वेळ बदलण्याची कोणतीही सोय कंपनीने दिलेली नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी उपकरणाचा वीजपुरवठा बंद करण्याची जी परवानगी असते ती मी काढून घेतली. त्याने संगणकाच्या बाजूने होणारी विश्रांती थांबली, कीबोर्डची स्वतःची थांबली नाही. आता आम्ही टंकण्यापूर्वी सवयीने एकदा कंट्रोलची कळ दाबतो. उपाय लागू पडतो, पण पैसे देऊन घेतलेल्या वस्तूसाठी आपण बोटांना नवी सवय लावावी, हे मला पटत नाही. या संचातला हा सर्वांत मोठा आणि पूर्णपणे टाळता येण्याजोगा दोष आहे.

माऊसबद्दल थोडक्यात लिहिते. दीड वर्षाने त्याचे डावे बटण एका दाबात दोनदा लागू लागले. फाइल ओढून नेताना ती मध्येच सुटून भलत्याच फोल्डरमध्ये पडायची, आणि मजकूर निवडताना निवड अर्ध्यावर तुटायची. हा दोष वायरलेसचा नव्हे. बटणाखालच्या सूक्ष्म स्विचची धातूची पाती झिजली किंवा तिच्यावर गंज चढला की एकाच दाबात संपर्क दोनदा जुळतो-तुटतो, आणि वायरीच्या माऊसमध्येही हेच होते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जी ओल असते ती या पातींना मानवत नसावी, असा माझा समज आहे. हमीचा एक वर्षाचा काळ संपला होता. माऊस वेगळा मिळत नाही, कारण रिसीव्हर त्या जोडीशीच बांधलेला आहे; म्हणजे एका स्विचसाठी संपूर्ण संच टाकायचा. काही कंपन्यांच्या महाग उपकरणांत एकाच रिसीव्हरला नवी उपकरणे जोडता येतात; लॉजिटेकचा 2009 पासूनचा युनिफाइंग रिसीव्हर सहापर्यंत उपकरणे घेतो. साडेतेराशेच्या संचात ही सोय नाही, आणि विकत घेताना हे कोणी सांगत नाही.

सेलची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. गेल्या पावसाळ्यात कार्यालय आठ दिवस बंद होते. उघडल्यावर कीबोर्ड मृतवत होता. झाकण काढले तर एका सेलच्या टोकाशी पांढरी बुरशीसारखी पूड जमली होती आणि स्प्रिंग हिरवी पडली होती. अल्कलाइन सेल गळला की आतले पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येते आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची अशी पूड होते. कानाच्या काडीच्या कापसाला थोडे व्हिनेगर लावून पूड पुसली, मग कोरड्या काडीने जागा स्वच्छ केली आणि कीबोर्ड पुन्हा सुरू झाला. हातमोजे घालावेत, कारण ते द्रव्य त्वचेला झोंबते. तेव्हापासून चार दिवसांहून जास्त सुट्टी असेल तर आम्ही सेल काढून ठेवतो. चार्ज होणारे सेल वापरून पाहिले. त्यांचा दाब दीड व्होल्टऐवजी 1.2 व्होल्ट असल्याने सेल संपत आल्याचा लाल दिवा भरलेल्या सेलवरही लागत राहिला, पण कामात काही फरक पडला नाही.

तुलनेसाठी आम्ही सहा महिने एक ब्लूटूथ कीबोर्डही वापरला. तो कमी शक्तीच्या ब्लूटूथवर चालतो. या पद्धतीत 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा चाळीस उपमार्गांत विभागलेला असतो आणि उपकरण गोंगाटाचा मार्ग सोडून दुसरीकडे उडी मारते. गर्दीच्या इमारतीत त्याची अक्षरे कमी गळली, हे खरे. पण रोज सकाळी विंडोज पूर्ण सुरू होऊन ब्लूटूथ जागे होईपर्यंत तो ओळखला जात नव्हता, आणि एकदा संगणक बिघडून बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या, पडद्यावर अडकला तेव्हा तो अजिबात चालला नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्यांकडून वायरीचा कीबोर्ड मागून आणावा लागला. यूएसबी रिसीव्हरच्या संचाला ही अडचण येत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने तो साधा यूएसबी कीबोर्डच असतो.

आमच्यासारख्या कार्यालयाने आणखी एका बाबीकडे पाहिले पाहिजे. 2016 मध्ये बॅस्टिल या अमेरिकी सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की अनेक कंपन्यांचे रिसीव्हर बाहेरून पाठवलेल्या खोट्या कळाही खऱ्या समजून स्वीकारतात. आम्ही दिवसभर लोकांचे आधार क्रमांक, पॅन आणि बँकेचे तपशील टंकतो. संदेश कूटबद्ध करून पाठवला जातो असे खोक्यावर स्पष्ट लिहिलेले नसेल, तर असा कीबोर्ड या कामाला घेऊ नये. माझ्या संचाच्या खोक्यावर तसे लिहिलेले नव्हते आणि मी तेव्हा ते पाहिलेही नव्हते.

हा संच घ्यावा का, असे मला दोन-तीन सहव्यावसायिकांनी विचारले. घरी अभ्यासासाठी, वर्गात फळ्यासमोर उभे राहून सादरीकरणासाठी, किंवा दुकानाच्या बिलिंगच्या टेबलावर जिथे प्रत्येक आकडा लगेच मोठा दिसतो आणि गिऱ्हाईकही तो तपासते, तिथे तो घ्यायला हरकत नाही, मात्र एक्स्टेन्शन केबल त्याच दिवशी घ्यावी. रिसीव्हर संगणकाच्या पाठीमागे, स्टीलच्या पत्र्याआड आणि निळ्या खाचेत कधीही ठेवू नये. समोरची काळी खाच मिळाली तर ती बरी. घरातल्या राऊटरला 5 गिगाहर्ट्झची सोय असेल तर फोन आणि लॅपटॉप त्यावर न्यावेत, म्हणजे 2.4 चा रस्ता मोकळा होतो. दस्त, निकालपत्रे, गुणपत्रके, रुग्णांची औषधे, म्हणजे जिथे एक आकडा चुकला तर त्याची झळ दुसऱ्याला बसते, तिथे कीबोर्ड वायरीचाच असावा असे माझे स्पष्ट मत झाले आहे. माऊस वायरलेस चालेल, कारण तो चुकला तर डोळ्यासमोर चुकतो.

आमच्या टेबलाची आजची मांडणी अशी आहे: दस्तांसाठी साडेचारशे रुपयांचा वायरीचा कीबोर्ड, त्याची वायर टेबलाच्या मागच्या कडेला क्लिपने अडकवलेली, आणि जुना वायरलेस कीबोर्ड पत्रव्यवहार व नेहमीच्या अर्जांसाठी सहकारी मुलीकडे, रिसीव्हर तिच्या हातापासून वीतभर अंतरावर केबलच्या टोकाला. माऊस मी वेगळा, वायरलेसच घेतला. गेल्या सात महिन्यांत एकाही दस्तात ‘दर मिळकत’ आलेली नाही. वाचून घेण्याचा नियम मात्र आता गर्दी असली तरी मोडत नाही, आणि गट नंबर, क्षेत्र व रक्कम हे तीन आकडे एक-एक अंक सुटा उच्चारून वाचतो: एक, एक, चार, पाच.